पट्टी पुढं, गाडी मागं

दिवाळीच्या अंकात सगळे उजेडावर लिहितात. मी अंधारावर लिहिणार आहे, कारण माझं पोट बरीच वर्षं अंधारावर चाललं. छत्रपती संभाजीनगरहून पैठणला जाणाऱ्या रस्त्यावर, चितेगावच्या फाट्याजवळ, पत्र्याच्या शेडमध्ये दोन शिलाई मशीन आणि एक ओव्हरलॉक एवढा माझा पसारा होता. तिथं बसून मी कारखान्यांचे युनिफॉर्म शिवले. लग्नाचा सूट शिवणाऱ्या शिंप्याचं नाव निघतं. ब्लाउज चांगला बसला तर बाया गावभर सांगतात. युनिफॉर्म शिवणाऱ्याचं नाव कुणी काढल्याचं मी ऐकलेलं नाही. बसला काय, न बसला काय, माणूस तो घालतोच. नाही घातला तर गेटवरून परत पाठवतात. त्यामुळं आपल्याबद्दल तक्रार येत नाही म्हणजे आपण उत्तम शिंपी, अशी माझी समजूत होती.

लोक मला मास्तर म्हणतात. शाळेत शिकवणाऱ्याला आणि कापड बेतणाऱ्याला आपल्याकडं एकच हुद्दा. फरक इतकाच की शाळेतल्या मास्तराची चूक पोरं पाठ करतात आणि माझी चूक लोक अंगात घालून फिरतात. हा लेख तसल्याच एका चुकीबद्दल आहे. पण एकदम तिच्यावर यायची माझी छाती होत नाही, म्हणून जरा वळसा घालून येतो.

आधी धंद्यातलं थोडं सांगतो. रात्री रस्त्यावर काम करणाऱ्यांच्या जाकिटावर जी रुपेरी पट्टी चमकते, तिला आमच्याकडं रेडियम म्हणतात. रेडियमशी तिचा काडीचा संबंध नाही, पण आमच्याकडं चमकणाऱ्या सगळ्याला रेडियमच म्हणायची रीत आहे. दिवसा ही पट्टी उंदराच्या रंगाची दिसते, फुकट दिली तरी कुणी घेणार नाही अशी. तिच्यावर डोळ्याला न दिसणारे काचेचे मणी बसवलेले असतात. गाडीचा उजेड त्यांच्यावर पडला की तो इकडंतिकडं न सांडता आला तसा माघारी जातो, गाडीवाल्याच्या डोळ्याकडं. म्हणजे ही पट्टी चमकते ती ज्याच्याजवळ दिवा आहे त्यालाच. बाजूला उभ्या असलेल्याला ती मळकी दिसते, आणि जो ती घालतो त्याला तर जन्मात चमकताना दिसत नाही. तिच्यावर कडक इस्त्री फिरवायची नाही आणि ती दगडावर आपटायची नाही, एवढी दोन पथ्यं. आमच्याकडं दोन्ही मोडली जातात.

पहिला रोल आला तेव्हा मी तो कौतुकानं घरी आणला. आमची वस्ती फाट्यापासून एखाद किलोमीटर पुढं, रस्त्याला लागूनच. आमच्या गल्लीत कौसाबाई राहतात. त्या वेळी त्या चितेगावच्या एका कारखान्यात पॅकिंगला होत्या. पट्टी कशी चालते ते मला कुणाला तरी दाखवायचं होतं, आणि संध्याकाळी वीज गेल्यामुळं सगळी गल्ली ओट्यावर येऊन बसली होती. मी एका जुन्या जाकिटाला पट्टी टाचली, ते कौसाबाईंना घालायला दिलं आणि त्यांना गल्लीच्या टोकाला हापशाजवळ माझ्याकडं तोंड करून उभं केलं. मग हातातली बॅटरी कानाला लावून पेटवली. कानाला अशासाठी की दिवा डोळ्याच्या जवळ पाहिजे. पोटाशी धरला तर काही दिसत नाही.

"कौसाबाई, पेटल्यागत दिसताय!" मी ओरडलो.

"मला तर काईच दिसंना!" त्या तिकडून म्हणाल्या.

मग आम्ही जागा बदलल्या. जाकीट मी घातलं, बॅटरी त्यांच्या कानाला. "अगं बाई, मास्तर, तुमचं पोट नुस्तं लकाकतंय!" म्हणून त्या हसल्या आणि सगळी गल्ली हसली. मग बॅटरी बंद करून त्या जवळ आल्या. म्हणाल्या, "म्हंजी ही पट्टी माझ्या अंगावर, पण माझ्यासाठी नाय. गाडीवाल्यासाठी हाय."

मला त्या एका वाक्याचा फार आनंद झाला. कारखान्यातले इंजिनिअर मला हे तीनदा विचारायचे आणि तरी त्यांना कळायचं नाही. सगळ्यांची एकच समजूत असते: एवढा गाडीचा उजेड माझ्या अंगावर पडतोय, मला सगळा रस्ता लख्ख दिसतोय, मग गाडीवाल्याला मी कसा दिसणार नाही? ज्याला ही समजूत खोटी ठरलेली कळते, तो बहुतेक सांगायला माघारी येत नाही. कौसाबाईंचं डोकं मात्र सरळ चालायचं. आमच्या वस्तीत पौर्णिमेला सगळे पांढरं नेसून विहारात वंदनेला जातात. त्यावर त्या एकदा म्हणाल्या होत्या, "चांदणं आसतं तवा आपण पांढरं नेसतो, आन् अवसंच्या काळोखात कामावरून येतो तवा निळं. उलटं करायला पायजे."

आता दोन गिऱ्हाइकं सांगतो.

एक होता गोडाऊनचा वॉचमन. त्याला पट्टी इतकी आवडली की त्यानं टोपीला, दोन्ही बाह्यांना, पट्ट्याला आणि विजारीलासुद्धा लावून घेतली. "मास्तर, लांबून सायब वाटलो पायजे," म्हणाला. पंधरा दिवसांनी तोंड पाडून आला. "काढा समदी."

"काऊन रे?"

"सुपरवायझर रातच्याला बॅटरी घेऊन चेकिंगला येतो. आधी मला हुडकायला त्याला येळ लागायचा, तवर मी जागा व्हायचो. आता गेटातूनच दिसतो, खुर्चीवर मान टाकलेला."

मी काढून दिली. पट्टी अगदी पाहिजे तशी चालली असं छातीठोकपणे सांगावं, असं माझ्या आयुष्यातलं ते एकच गिऱ्हाईक.

दुसरे चिकलठाण्याकडचे एक निवृत्त साहेब. घरचे जमीनदार, त्यातली बरीच जमीन आता नव्या सोसायट्यांखाली. डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगितलं होतं, आणि ते उजाडायच्या आत जालना रोडला चालायला निघायचे, काळ्या ट्रॅकसूटमध्ये. मुलानं धाक घातला म्हणून माझ्यापर्यंत आले. म्हणाले, "मास्तर, पट्टी लावा, पण दिसायला नको."

इतकी प्रामाणिक ऑर्डर मला पुन्हा मिळाली नाही. का म्हणून विचारलं, तर जरा आवाज खाली घेऊन म्हणाले, "ते झाडूवाल्यांसारखं वाटतं हो. लोक काय समजतील?"

माझे वडील झाडू खात्यातच होते. त्यांच्या अंगावर पट्टी नव्हती, साधा खाकी सदरा होता, आणि लोक जे समजायचं ते पट्टीशिवाय बिनचूक समजायचे. हे काही मी साहेबांना बोललो नाही. त्यांच्या जाकिटाला पाठीवर पट्टी लावली आणि तिच्यावर काळ्या कापडाचं झाकण शिवलं. ओळखीचा माणूस दिसला की झाकण लावायचं, एरवी उघडं ठेवायचं. साहेब खूश झाले. पुढं भेटले तेव्हा विचारलं, झाकण बरोबर चालतंय ना? म्हणाले, "उत्तम. पण उघडायची वेळच येत नाही. सकाळी चालायला सगळे ओळखीचेच असतात."

असल्या लोकांवर मी मनात खूप हसलो. शिंप्याला ते सोयीचं पडतं. तोंडात टाचण्या धरलेल्या असल्या की हसू बाहेर येत नाही. पण वॉचमननं फार तर स्वतःची झोप घालवली, आणि साहेबांनी जोखमीत घातला तो स्वतःचाच जीव. मी दुसऱ्याचा घातला. तो वळसा इथं संपतो.

कौसाबाईंच्या कारखान्याची ऑर्डर मला मिळाली. बायांनी साडीवर घालायचे गडद निळे शर्ट. आमच्या धंद्यात आधी एक नमुना शिवतात. तो साहेब बघतो, मंजूर करतो, कॉलरच्या आत एक कापडी चिठ्ठी शिवून तिच्यावर साहेबाची आणि शिंप्याची सही घेतात, आणि तो शर्ट स्टोअरच्या कपाटात जातो. मग पुढं कुणीही शिवो, त्या नमुन्याबरहुकूम शिवायचं. बटण कुठं, खिसा केवढा, वाद झाला की नमुना काढायचा. त्याच्यापुढं कुणाचं चालत नाही.

मी पहिला नमुना नेला त्याला एक पट्टी छातीवर होती आणि एक पाठीवर. साहेब तरुण, बोलायला गोड. चहा मागवला. शर्ट उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, "मास्तर, पाठीवर कंपनीचं नाव मोठं पाहिजे. ही पट्टी आड येतेय."

"पट्टी खाली घेऊ का, साहेब?"

"खाली घेतली तर नाव छोटं होतं. असं करा, दोन्ही पट्ट्या पुढं घ्या. ऑर्डरमध्ये दोन सांगितल्यात, दोन लागल्या."

मी म्हणालो, "पण बाया बसमधून उतरल्या की रस्त्यानं चालत जातात. गाडी मागून..."

"मास्तर," तो हसत म्हणाला, "माणूस पुढं बघून चालतो की मागं?"

तो हसला आणि मीही हसलो. मला आजही राग येतो तो त्याच्या हसण्याचा नाही, माझ्या हसण्याचा. त्याला कळत नव्हतं. मला कळत होतं. पण राजा बोले, दळ हाले. आमच्यात साहेब बोले आणि मशीन चाले. शिकलेला माणूस आहे, काही तरी विचार करूनच सांगत असेल, अशी मी मनाची समजूत घातली. नाव छापलं कंपनीच्या रंगात, मरून. निळ्यावर मरून. साहेबाच्या केबिनमध्ये ट्यूबलाइटखाली ते झकास दिसलं. अंधारात ते काळ्यावर काळं होतं. कॉलरच्या चिठ्ठीवर त्यानं सही केली, खाली मी केली. माझी सही वळणदार आहे, तिचा मला अभिमान होता.

कंपनीची बस बायांना फाट्यावर सोडायची. तिथून वस्तीपर्यंत पायी. रस्त्याच्या डाव्या अंगानं, कारण वस्ती डावीकडं आणि दोनदा रस्ता ओलांडायचा म्हणजे दोनदा जीव मुठीत. त्या टप्प्यावर खांब आहेत, दिवे नाहीत. खांबांवर कुणाच्या ना कुणाच्या वाढदिवसाचे फलक असतात. थंडीच्या दिवसांत शिफ्ट सुटेपर्यंत अंधार पडलेला असायचा. बाया एकामागं एक चालायच्या आणि कौसाबाई कायम शेवटी. "समद्या म्होरं आसल्या म्हंजी नजरंत राहत्यात," म्हणायच्या.

पौषातल्या एका संध्याकाळी मागून आलेल्या मोटारसायकलनं त्यांना उडवलं.

मी सरकारी दवाखान्यात पोचलो तेव्हा गाडीवाला तिथंच फरशीवर बसलेला होता. पैठणकडचा दूधवाला, शहरात दूध घालून रिकामे कॅन घेऊन घरी निघालेला. त्याचाही हात मोडला होता, पण त्यानंच रिक्षा थांबवून त्यांना आणलं होतं. लहान पोरासारखा रडत होता. "आईची शप्पत, काईच दिसलं नाय. समोरून ट्रकचा फोकस डोळ्यात. ट्रक गेला आन् ह्या एकदम चाकाम्होरं."

खाटेवरून कौसाबाई त्याला म्हणाल्या, "नको रडू रं बाबा. तुझी काय चूक? अंधारच तसा व्हता."

सगळे तेच म्हणाले. अंधार होता. अंधारावर दोष टाकला की बरं असतं, तो काही उलटून बोलत नाही. दवाखान्यात कापून काढलेला त्यांचा शर्ट पिशवीत घालून दिला होता. तो मी घरी आणला. काय बोलावं ते सुचलं नाही की शिंपी शिवायला बसतो. दिव्याखाली शर्ट पसरला. पुढच्या दोन्ही पट्ट्या जशाच्या तशा, एक ओरखडा नाही. पाठीवर कंपनीच्या नावातून फाटला होता. मी तो रफू केला, धुतला आणि त्यांच्या घरी देऊन आलो. एवढंच केलं. सांगायला पाहिजे होतं ते सांगितलं नाही.

कौसाबाईंच्या पायात सळई बसली. चालताना त्या एका अंगाला झुकायला लागल्या आणि काम सुटलं ते सुटलंच. रोज सकाळी त्या ओट्यावर बसलेल्या असत. मी शेडला जायला मागची गल्ली धरली. समोरासमोर आलोच तर "बरंय ना?" "बरंय." एवढंच बोलणं. पुढं माझी नजर अधू झाली, सुईत दोरा जाईना, तेव्हा शेड बंद केली आणि एक मशीन घरी आणून ठेवलं. त्या कारखान्याची ऑर्डर शहरातल्या मोठ्या युनिटकडं गेली. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं.

गेल्या हिवाळ्यात एके दिवशी संध्याकाळी काठी टेकत कौसाबाई माझ्या दारात. मागं त्यांची सून जयश्री. "जय भीम, मास्तर. जयश्रीला काम लागलं. माझ्याच कारखान्यात. हा तिचा शर्ट, बघा बरं."

मी शर्ट हातात घेतला. कोरा, गडद निळा. पुढं दोन पट्ट्या. पाठीवर मरून अक्षरात कंपनीचं नाव.

मी भडकलो. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं त्या शहरातल्या शिंप्यावर काढलं. "कोण गाढव शिवतो हे? मागून गाडी येते एवढी अक्कल नाही? उद्या जातो मी कारखान्यात, बघतोच."

आणि गेलो. स्टोअरवाला नवीन होता, पण माझं नाव ऐकून होता. म्हणाला, "मास्तर, शिंप्याची काय चूक? तो नमुन्याबरहुकूम शिवतो." त्यानं कपाट उघडून तळातून एक शर्ट काढला, कॉलर उलटी केली. चिठ्ठीवर वर साहेबाची सही, खाली माझी. वळणदार.

मी म्हणालो, हा नमुना बदला. तो म्हणाला, "कसा बदलणार? मंजूर हाय. ज्या सायबानं सही केली ते कवाच गेले." मी अर्ज देतो म्हणालो. त्यानं अर्ज घेतला आणि घडी घालून नमुन्याच्याच खिशात ठेवला. अजून तिथंच असेल.

परतताना त्या दिवशी मी मागच्या गल्लीनं आलो नाही. कौसाबाई ओट्यावर होत्या. त्यांच्यापुढं उभा राहिलो आणि म्हणालो, "कौसाबाई, तो गाढव मीच."

"ठाऊक हाय मला," त्या म्हणाल्या.

"कवापासनं?"

"शर्ट हातात आला त्याच दिवशी. तुमीच दावलं व्हतं की कानाला बॅटरी लावून. गाडी येती मागून आन् पट्टी पुढं. आमी बाया वाटंनं बोललो बी."

मी तिथंच पायरीवर बसलो. "मग मला का सांगितलं नाही?"

"तुमी मास्तर. म्हणलं, तुमाला नाय कळणार तर कुणाला? काई तरी इचार करूनच लावली आसंल."

साहेबाबद्दल मी अगदी हेच म्हटलं होतं, ह्याच शब्दांत. त्यांनी मला शिवीगाळ केली असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी माझ्यावर भरवसा ठेवला होता, आणि तो भरवसा पाठीवर घेऊन त्या रोज अंधारातून चालल्या होत्या.

मी जयश्रीकडून शर्ट मागून घेतला. चष्म्यावर चष्मा चढवून टिपा उसवल्या. एक पट्टी पुढं ठेवली आणि दुसरी पाठीवर, बरोबर कंपनीच्या नावावरून आडवी मारली. अर्धं नाव खाली गेलं. उभ्या आयुष्यात मंजूर नमुना मी पहिल्यांदा मोडला, आणि टीप सरळ आली. जयश्री बिचकली होती. "मामा, सायब बोलतील."

"बोलू दे," कौसाबाई म्हणाल्या. "बोलला म्हंजी त्याला दिसलं."

जयश्री हळूच म्हणाली, बाकीच्या बायांचे शर्ट पण आणून देऊ का? मी म्हटलं, आण. डोळे चालतील तोवर करतो.

तोवर दिवेलागण होऊन गेली होती आणि गल्लीत अंधार पडला होता. जयश्री शर्ट घालून हापशाकडं चालायला लागली, आमच्याकडं पाठ करून. कौसाबाईंनी बॅटरी घेतली, कानाला लावली, पेटवली. बराच वेळ बघत राहिल्या. मग ती माझ्यापुढं धरली.

"घ्या," म्हणाल्या. "त्या दिशी तुमी मला पुढूनच बघितलं व्हतं. आता मागून बघा."

मी बॅटरी कानाला लावली आणि बघितलं.